हरणांसाठी पेरलेलं वावर

त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त राबणारी वस्तू म्हणजे माझा प्रिंटर. त्याच्या खालोखाल आईचा मिक्सर. प्रिंटर खरखरत एकेक पत्रक बाहेर टाकायचा आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येकाच्या तीन घड्या घालायचे, मग आई वरण वाढायला आली की गठ्ठा उचलून खुर्चीखाली ठेवायचे. पत्रकं प्राण्यांच्या हक्कांची असायची. मी अकरावीत होते आणि आमच्या गटाचा एक नियम होता: एक पान, एक मागणी. कारणं तीनच द्यायची, चौथं दिलं की माणूस वाद घालतो. हा नियम मला इतका पटला होता की मी घरात दूध सोडतानासुद्धा आईला तीनच कारणं दिली होती. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी राहून मी पत्रकाचं मराठी भाषांतर वाटलं, तेव्हा एका काकूंनी शिऱ्याचं तूप त्यालाच पुसलं आणि "हुशार आहे हो तुमची मुलगी," असं आईला सांगितलं. आईला त्याचं कौतुक वाटलं. मला आठवडाभर राग होता. आता चाळिशी ओलांडल्यावर तो राग कुठे गेला म्हणून शोधते तर तो आहे तिथेच आहे, फक्त काकूंवरचा माझ्यावर आला आहे. कागद घेतलेल्या माणसाला पत्रक पटलं, असं मी तेव्हा धरून चालत असे.

मॉरिसव्हिलची सगळी मराठी मंडळी नव्या कॉलन्यांत एकमेकांना खेटून घरं घेत होती. बाबांनी मात्र तिथून अर्ध्या तासावर, डांबरी रस्ता अरुंद होतो तिथे, एक जुनं लाकडी घर साडेतीन एकरांसकट घेतलं. बाबा मूळचे शेतीचे पदवीधर. अकोल्याकडचे. पुढे कॉम्प्युटरचा कोर्स केला, मी पाचवीत असताना देश सोडून आम्हाला घेऊन इकडे आले आणि तेव्हापासून दिवसभर कुठल्यातरी बँकेच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत होते. ती जमीन त्यांना का हवी होती ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आईनं कधी माफही केलं नाही. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी तिला पाऊण तास ड्राइव्ह करावं लागायचं, आणि परत आली की ती पर्स आपटून म्हणायची, "इथे कुणी आपल्यावर हॉर्नसुद्धा वाजवत नाही." घरात आवाज तिचेच असायचे. फोन कार्डाचे पंधरा आकडे दाबून नागपूरच्या मावशीशी केलेलं ओरडून बोलणं, खलबत्त्यात लसूण कुटणं, कुकरच्या शिट्ट्या. त्या शिट्ट्या ऐकूनच मिस्टर क्लाइड पहिल्यांदा आमच्या दारात आले. टोपी हातात धरून त्यांनी विचारलं की घरात सगळे ठीक आहेत ना, काही फुटतंय का. आईनं त्यांना आत बसवून साबुदाण्याची खिचडी खायला घातली.

क्लाइड आमचे एकुलते एक शेजारी. साठीचे, वीज कंपनीच्या तारा जोडण्यात आयुष्य गेलेलं, बायको वारलेली. त्या भागात मोठ्या माणसाला नावाआधी मिस्टर लावतात, म्हणून ते माझे मिस्टर क्लाइड, आणि मी त्यांची मिस मॅन्सी. मानसी म्हणणं त्यांना जमलं नाही. उन्हाळ्यात ते टोमॅटो आणून द्यायचे. आई त्यांचा डबा रिकामा परत करत नसे. कधी चिवडा, कधी शंकरपाळे. माझं त्यांच्याशी बरं होतं, तो डिसेंबर येईपर्यंत. त्या डिसेंबरात एका दुपारी मी त्यांच्या शेताच्या कडेनं फिरत गेले आणि मला झाडांच्या मध्ये एक हिरवीगार पट्टी दिसली. सगळं रान वाळलेलं आणि ही पट्टी लुसलुशीत. दोन हरणं खाली माना घालून चरत होती. मी हरखून उभी राहिले. मग मान वर केली तर पट्टीच्या टोकाला, ओकच्या झाडावर बांधलेलं लोखंडी मचाण दिसलं.

मुद्दा सरळ होता, निदान मला. हा माणूस पाहुण्याला ताट वाढत होता आणि पाहुणा पहिला घास घेत असताना त्याला गोळी घालत होता. मी त्याच संध्याकाळी नवीन पत्रक लिहायला घेतलं. पण गटातल्या मुलांनी ते वाचून विचारलं की मागणी काय आहे, आणि मला मागणी सापडेना. त्याची जमीन, त्याचं बी, परवाना खिशात. कायद्यात सगळं चोख. तेव्हा मला कल्पना सुचली, आणि ती सुचल्याचा मला इतका अभिमान वाटला की मी ती जेवतानाच जाहीर केली: आपण आपल्या जमिनीवर त्यांच्यापेक्षा चांगलं गवत लावायचं. हरणं आपल्याकडे खातील आणि आपल्याकडे बंदूक नाही. आई म्हणाली, "आधी मला दोन वाफे मेथी लावून द्या."  बाबा जेवण अर्धवट टाकून हात धुऊन उठले आणि टॉर्च घेऊन मागच्या अंगणात माती बघायला गेले.

मी बाबांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कृषी खात्याच्या ऑफिसातून मातीचे नमुने पाठवायचे पुठ्ठ्याचे खोके आणले, जमिनीत बारा ठिकाणी खड्डे करून माती भरली, आणि तपासणीचा कागद आला तो घरच्या पत्रासारखा दोनदा वाचला. लाल चिकण माती, आंबट. चुना घालावा लागणार. शनिवारी मी पत्रकं वाटायला जायचे आणि परत यायचे तेव्हा बाबा भाड्याच्या छोट्या ट्रॅक्टरवर पांढरे झालेले असायचे. बी कुठलं घ्यायचं यावर त्यांनी तीन आठवडे घालवले आणि शेवटी पांढरं क्लोव्हर आणलं, तीन पानांचा चारा. "हा आपल्या बरसीमचाच भाऊ," ते म्हणाले, "म्हशी खातात, तर हरणं का नाही खाणार?" त्या बियांना लावायची जिवाणूंची काळी पूड इथे पाकिटातून मिळते, दुकानदारानं सांगितलं की पाण्यात जरा साखर घालून चिकटवा. बाबांनी मान डोलावली, घरी आले आणि आईच्या डब्यातला गूळ काढला. गुळाचं पाणी उकळून, थंड करून, ताडपत्रीवर बी पसरून त्यांनी दोन्ही हातांनी ते चोळलं, सावलीत वाळवलं. घरभर गुळाचा वास. मला म्हणाले, "साखर नाही चालत." चालते. मी नंतर वाचलं, अगदी चांगली चालते. पण त्या दिवशी माहीत असतं तरी तसं म्हणायची माझी छाती झाली नसती.

क्लोव्हर उगवलं. आईची मेथीही उगवली आणि हरणांनी तिला तोंड लावलं नाही, याचा आईला फार आनंद झाला. क्लोव्हरला मात्र मे महिन्यापासून रोज संध्याकाळी गिऱ्हाईक असायचं. आधी एक मादी, मग तिच्यामागून दोन ठिपक्यांची पाडसं, मग चार, मग सात. शाळा सुटल्यावर मी प्लॉटच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पत्रकांचे मसुदे मोठ्यानं वाचायचे. ती कान हलवायची आणि खात राहायची. ऑगस्टपर्यंत ती मादी माझ्यापासून वीस पावलांवर येऊन चरायला लागली होती. आमच्या गटात मी हे सांगितलं तेव्हा एकानं टाळ्या वाजवल्या. बाबा रात्री जेवताना विचारायचे, "आज किती?" आकडा ऐकून घास घेता घेता हसायचे. बँकेच्या कामावरून आलेला माणूस असा हसतो हे आईलाही नवीन होतं; तिनं त्या दिवसांत जमिनीबद्दल एकदाही टोमणा मारला नाही.

मग सप्टेंबरात एका रविवारी मिस्टर क्लाइड आले. आई पोह्यांना फोडणी देत होती. त्यांच्या हातात थर्माकोलची पेटी होती. टोमॅटोचा हंगाम संपला होता, म्हणून मी उघडायला पुढे झाले. आत पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या पुड्या, दोऱ्यानं बांधलेल्या. धनुष्यबाणानं शिकार करायचा हंगाम चालू झाला होता, हे मला माहीतच नव्हतं.

"तुमचा वाटा," क्लाइड म्हणाले. "तुमच्या क्लोव्हरवर पोसलेला नर आहे. मी पट्टी मोडून टाकली यंदा, कशाला दोघांनी खर्च करायचा? मचाण तुमच्या हद्दीपाशी हलवलं. ओढ्याकाठच्या झुडपांत झोपतात ना ती, तुमच्याकडे यायला माझ्याच रानातून निघतात. घड्याळ लावावं तशी येतात."

ते टोमणा मारत नव्हते. तेच मला आजही सोसवत नाही. ते खरोखर आभार मानायला आले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या साडेतीन एकरांचा नकाशा डोक्यात काढला. ओढा पलीकडे, झुडपं पलीकडे, मध्ये क्लाइड, आणि अलीकडे आम्ही. हरीण खातं कुठे याचा मी वर्षभर विचार केला होता. ते झोपतं कुठे हे एकदाही विचारलं नव्हतं. आईनं पेटीत डोकावलं, पदराचा बोळा नाकाशी नेला, मग तो खाली घेऊन हसली आणि आम्ही खात नाही हो, असं तिच्या इंग्रजीत नीट समजावलं. आणि माणूस रिकाम्या हातानं परत जाऊ नये म्हणून त्याच पेटीवर पिशवीभर चकल्या ठेवल्या. मी ओरडले की आई, त्याला चकल्या काय देतेस. ती मराठीत, चेहऱ्यावरचं हसू न हलवता म्हणाली, "दारात आलाय तो. तू गप्प बस."

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं की प्लॉट नांगरून टाका. तीन कारणं दिली. बाबा चपात्यांकडे बघत राहिले. उभ्या पिकात नांगर घालायचा नसतो, म्हणाले. मी म्हटलं हे पीक नाही, आमिष आहे. ते म्हणाले, आपलं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय, शेजाऱ्याशी वाकडं नको. मी म्हटलं याचा काय संबंध. आई म्हणाली, दोघेही जेवा. हे पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी मी गॅरेजमधलं गवत कापायचं मशीन ओढत बाहेर काढलं आणि सांगितलं की मी स्वतः सगळं कापून टाकते. मला वाटलं, आता ते अडवतील. बाबा आले, मशीनपाशी बसले, त्यात पेट्रोल घातलं, पात्याची उंची ठरवणारा दांडा दोन खाचा वर केला आणि मला दोरी ओढून मशीन चालू करून दिलं. "जमिनीला घासू नकोस, दगड लागतील," म्हणाले. मला त्यांची कीव आली. माझ्यासाठी बाबांनी हार मानली, असं वाटून मी अर्धा तास रडत रडत कापलं. सगळं क्लोव्हर. वरची पांढरी फुलं, वाळक्या काड्या, मध्ये उगवलेलं रानगवत, सगळं आडवं.

दहा दिवसांनी पाऊस पडून गेला आणि मी मागचं दार उघडलं तर प्लॉट इतका हिरवा होता की वसंतातही नव्हता. कोवळी, टपोरी पानं. रानगवताचा पत्ता नाही. आणि त्यात नऊ हरणं. टपालपेटीपाशी मिस्टर क्लाइड भेटले, म्हणाले, "मिस मॅन्सी, कापणी अगदी वेळेवर केलीत. शहरातल्या लोकांना हे सुचत नाही. बंदुकीचा हंगाम उघडेल तेव्हा तुमचं पान ऐन भरात असेल."

बाबा ऑफिसातून आले तेव्हा मी दारातच उभी होते. "बाबा, कापल्यावर ते जास्त येतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी बूट काढले. जागेवर लावले. "माहीत होतं."

"आणि तुम्ही मला कापू दिलंत."

"तू उपटलं असतंस मनू. उपटलेलं परत येत नाही." मग, माझ्याकडे न बघता, "सात वर्षांत इथे माझ्या हातून उगवलेलं एवढं एकच आहे."

मी त्यांना खोटारडे म्हटलं. त्याहून वाईटही काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही. आई स्वयंपाकघरातून गॅस बंद करून बाहेर आली होती. आज मला वाटतं की त्यांचं वाक्य पत्रकावर बसलं नसतं. त्यात मागणी नव्हती. पण मी सतरा वर्षांची होते आणि मला तेव्हा कुणाचंही दुःख समोर आलं की ते कुठल्या बाजूचं, हे आधी ठरवावं लागायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतून आले की बॅग टाकायचे आणि एक जुना पत्र्याचा डबा आणि उलथनं घेऊन हद्दीवर जायचे. ऊन उतरायला लागलं की झुडपांत हालचाल व्हायची. मी डबा बडवायचे, ओरडायचे, हात हलवायचे. जिला वीस पावलांवर बसून पत्रकं ऐकवली होती ती मादी कान ताठ करून बघायची आणि परत फिरायची. चौथ्या दिवशी क्लाइड हद्दीवर आले. माझ्याशी नाही, बाबांशी बोलले. बाबा त्या दिवशी लवकर घरी आले होते. क्लाइडनी आवाज चढवला नाही, पण टोपी डोक्यावरच होती. कुणाची शिकार मुद्दाम हुसकावणं या राज्यात गुन्हा आहे, हे तुम्हाला सांगून ठेवतो, म्हणाले. अधिकाऱ्याला फोन करायची माझी इच्छा नाही.

मला वाटलं, आता बाबा सॉरी म्हणणार. ते म्हणाले, "ती शिकार हुसकावत नाहीये. पीक राखतेय. माझं पीक आहे, हरणं खाताहेत. आमच्याकडे वावरात सगळेच असे डबे वाजवतात."

 हरणांसाठी पेरलेलं पीक हरणांपासून राखणारा माणूस क्लाइडनी पाहिला नव्हता. "डॉक," ते म्हणाले, ते बाबांना का कोण जाणे डॉक म्हणायचे, "तुमचं काही खरं नाही." आणि गेले. त्यांनी फोन केला नाही. चकल्याही पुन्हा नेल्या नाहीत.

बाबा त्या संध्याकाळी माझ्याशेजारी उभे राहिले. तेव्हा मला कळलं की त्यांनी गावाकडे कॉलेजात जाईपर्यंत दरवर्षी जागल केली होती, तुरीत आणि हरभऱ्यात, रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप हाकलत. डबा तालात वाजवायचा नाही, म्हणाले. तालाची जनावराला सवय होते. मी चार दिवस अगदी तालात वाजवत होते. आम्ही तिथे उभे असताना मी त्यांची माफी मागितली नाही, आणि त्यांनीही माझी मागितली नाही.

बंदुकीचा हंगाम उघडला त्या शनिवारी मी एकटीच होते, बाबांना ऑफिसात जावं लागलं होतं. क्लाइडच्या मचाणावर नारिंगी जाकीट दिसत होतं. सूर्य झाडांमागे गेला आणि ती मादी बाहेर आली. एकटी. मी डबा वाजवला, बेताल. तिनं कान हलवले. मी ओरडले. ती दोन पावलं पुढे आली. ती माझा आवाज ओळखत होती. उन्हाळाभर ती त्या आवाजाजवळ चरली होती आणि तिला काही झालं नव्हतं. ती अजून क्लाइडच्या बाजूला होती, हद्दीपासून हातभर आत, आडवी उभी. मी धावत गेले तरी हलेना. मचाणावरचं जाकीट हललं. मी खाली वाकले, हाताला आलं ते ढेकूळ उचललं आणि जीव खाऊन मारलं. ते तिच्या बरगडीवर लागून फुटलं. मी दुसरं मारलं. ते कानाजवळ लागलं. तिच्या घशातून एक आवाज निघाला, हरणाला असा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं, आणि शेपटीचं पांढरं वर करून ती झुडपांत गेली. जाताना मागचा एक पाय जरा ओढत होती. मचाणावरून गोळी सुटली नाही.

बाबा आले तेव्हा मी खाली बसले होते. हात लाल मातीचे. मी सांगितलं की लागलं तिला, कानाजवळ लागलं, पाय ओढत गेली. त्यांनी विचारलं, दगड होता का. मी म्हटलं ढेकूळ होतं.

"मग ठीक आहे. ढेकूळ फुटतं. लागतं, पण हाड मोडत नाही." ते ऑफिसच्या पॅंटवरच माझ्याजवळ बसले आणि क्लोव्हरच्या कडेची माती चाचपायला लागले. एक उचललं, हातात दाबून पाहिलं, टाकून दिलं. "याच्यात खडा आहे. असलं नाही घ्यायचं."

ती पुन्हा येईल का, असं मी विचारलं.

"उद्या नाही. परवा येईल," म्हणाले.

हंगामाचे सहा आठवडे उरले होते. उजेड होता तोवर आम्ही दोघांनी हद्दीवर ढेकळं जमवली, मुठीएवढी, एकेक दाबून बघून.